फ्लिप टर्न शिकायचाय? मग भिंत सगळ्यात शेवटी

फ्रीस्टाइलचे आठ-दहा लॅप सलग मारता येतात, दम पुरतो, पण प्रत्येक लॅपच्या शेवटी कठडा धरायचा, तोंडावरून हात फिरवायचा, गॉगल सारखा करायचा आणि मग निघायचं, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. शेजारच्या लेनमधली शाळकरी पोरं भिंतीपाशी येतात, गडप होतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चार मीटर पुढे निघतात. ते पाहून आपल्यालाही हुरूप येतो. एक दिवस आपणही भिंतीच्या रोखाने जाऊन कशीबशी कोलांटी मारतो. नाकात पाणी शिरतं, मस्तकापर्यंत झिणझिण्या जातात, पाय भिंतीला लागायच्या ऐवजी हवेत राहतात आणि वर आल्यावर पाहावं तर आपण भलत्याच लेनमध्ये. मग ‘हे लहानपणीच शिकायला हवं होतं’ असं म्हणून विषय बंद होतो.

यात वयाचा काही संबंध नाही. शिकण्याचा क्रम उलटा झालेला असतो, एवढंच. फ्लिप टर्न दिसायला एक हालचाल असली तरी त्यात तीन वेगळी कामं आहेत: नाकातून हवा सोडत राहणं, पाण्यात कोलांटी घेणं आणि भिंतीला पाय लावून सरळ निघणं. पहिल्या दोन कामांना भिंत लागतच नाही. ती दोन्ही अंगात मुरेपर्यंत भिंतीच्या वाटेला जाऊ नका.

मुळात हवाय कशाला?

हौशी पोहणाऱ्याने फ्लिप टर्न शिकलाच पाहिजे असं काही नाही. हाताने भिंत धरून वळणं, म्हणजे ओपन टर्न, नियमातही बसतं आणि नीट केला तर बराच वेगवान असतो. कच्च्या फ्लिप टर्नपेक्षा पक्का ओपन टर्न कधीही बरा.

पण २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर पोहायचं म्हणजे ५९ वेळा वळावं लागतं. ५० मीटरच्या तलावात २९ वेळा. दर वेळी भिंतीशी तीन-चार सेकंद काढले, तर आपण सलग १५०० मीटर पोहतो असं म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ ची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीची, तयारी करणारी मंडळी हमखास विचारतात, की मिरामारच्या समुद्रात भिंत कुठे आहे? बरोबर, तिथे १.९ किलोमीटर पोहायचंय आणि मध्ये धरायला काही नाही. म्हणून तर सरावात भिंतीची विश्रांती तोडायची. २५ मीटरच्या तलावात ते अंतर ७६ लॅपचं होतं, आणि ७५ वेळा कठडा धरून तयार झालेला दम समुद्रात दगा देतो.

उलट बाजूही सांगायला हवी. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं, त्या शर्यतीत एकही टर्न नव्हता. ५० मीटरचा तलाव, सूर मारला की थेट पलीकडची भिंत. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये लांब शर्यतीतही फ्लिप टर्न चालत नाही, दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावावेच लागतात. फ्लिप टर्न चालतो तो फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकला. फ्रीस्टाइलमध्ये शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की पुरे, म्हणून पायांवर भागतं.

पाण्यात उतरण्याआधी

छातीइतकं पाणी हवं, साधारण चार-साडेचार फूट. सार्वजनिक तलावांची उथळ बाजू कधी कधी तीन फुटांचीच असते. तिथे हा प्रयोग नको, डोकं तळाला लागू शकतं. पार खोल बाजूही सुरुवातीला नको, कारण कोलांटी अर्धवट राहिली की उभं राहता आलं पाहिजे.

मानेचं दुखणं, चक्कर येण्याचा त्रास, कानाचा पडदा फाटलेला असणं किंवा कान वाहणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भरल्या पोटी तर मुळीच नाही. साध्या पोहण्याला चालणारा नाश्ता कोलांटीला चालत नाही.

एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या बॅचमध्ये शिकायला जाऊ नका. पाण्यात पाय ठेवायला जागा नसते आणि भिंतीवर तर नसतेच. सकाळची पहिली बॅच किंवा पावसाळ्याचे दिवस उत्तम. शक्य असेल तर कोणाला तरी काठावर उभं करा. आपण पाण्यात वाकडे होतो ते आपल्याला कधीच कळत नाही.

नाक

लोक फ्लिप टर्न सोडून देतात ते बहुतेक वेळा नाकामुळे. पाण्यात डोकं उलटं झालं की नाकपुड्यांची तोंडं वर होतात आणि आतली हवा बाहेर येत नसेल तर पाणी आत शिरतं. उपाय एकच: डोकं आत जाण्याच्या क्षणापासून पुन्हा पालथं होईपर्यंत नाकातून बारीक धार सोडत राहायचं.

ही धार एकदम फुंकून संपवली तर पुढच्या दोन सेकंदांना काही उरत नाही. म्हणून गुणगुणायचं. तोंड मिटून ‘ऊंऽऽ’ असा सूर लावला की हवा आपोआप मोजूनमापून सुटते. कठडा धरा, डोकं पाण्याखाली न्या आणि गुणगुणा. नाकाशी बुडबुड्यांची सलग ओळ दिसली पाहिजे. जमलं की मान मागे टाकून, चेहरा आकाशाकडे ठेवून तेच करा. कोलांटीत आपण नेमके याच अवस्थेतून जातो. इथे नाकात पाणी गेलं तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

नोज क्लिप वापरली तर? खुशाल वापरा. बॅकस्ट्रोकचे कसलेले खेळाडूही वापरतात. फक्त गुणगुणण्याचा सराव सोडू नका, कारण क्लिप पाण्यात निसटते ती नेमकी उलटं असतानाच.

कोलांटी, तलावाच्या मधोमध

भिंतीपासून लांब, छातीभर पाण्यात उभे राहा. हात मांड्यांशी. श्वास घ्या, तळावरून हलकेच उडी घेत हनुवटी छातीला लावा, सूर सुरू करा आणि गुडघे छातीकडे ओढा. तळहात खाली करून पाणी चेहऱ्याच्या दिशेने ढकललं की गोल पूर्ण व्हायला मदत होते. पाय पुन्हा तळाला लागले आणि तोंड जिकडे होतं तिकडेच राहिलं, तर कोलांटी सरळ झाली. तोंड तिरकं झालं असेल तर एका हाताने जास्त पाणी ढकललं गेलंय.

बहुतेकजण पाय वर आणायची खटपट करतात. पाय नाही, आधी डोकं. हनुवटी आत गेली की पाठ गोल होते, कंबर वर येते आणि पाय मागोमाग येतातच. अंग जितकं लहान गोळा कराल तितकं लवकर फिराल. उंच माणसांना याचा कंटाळा येतो, कारण त्यांना गोळा करायला जास्त असतं.

यानंतर तेच चालत्या गाडीत. तळाला रेटा देऊन पालथे सरकत निघा, दोन्ही हात मांड्यांशी, दोन-तीन किक. मग हनुवटी आत, दोन्ही पायांनी मिळून एक छोटी डॉल्फिन किक आणि कोलांटी. त्या छोट्या किकने कंबर पाण्याच्या वर उचलली जाते, आणि ती उचलली गेली तर टर्न हलका होतो. नाही तर अख्खं धड पाण्यातून ओढत फिरवावं लागतं.

आता कोलांटी अर्ध्यावर थांबवायची. फिरून उताणे व्हा, चेहरा आकाशाकडे, आणि तिथेच राहा. फ्लिप टर्नची कोलांटी पूर्ण नसते, अर्धीच असते. इथे हातांकडे लक्ष द्या. कोलांटीच्या आधी दोन्ही हात मांड्यांशी होते, बोटं आलो त्या दिशेला. शरीर फिरलं, पण हात जवळजवळ जागच्या जागी राहिले, आणि आता ते डोक्याच्या वर आहेत. म्हणजे परतीच्या प्रवासाला हात आधीच तयार असतात. त्यांना कुठे न्यावं लागत नाही. ही गोष्ट एकदा अंगाला कळली की हात इकडेतिकडे मारणं आपोआप थांबतं.

एका बैठकीला दहा मिनिटं पुरेत. सलग कोलांट्या मारत राहिलात तर गरगरतं. थोडं पोहण्याचं वॉर्मअप झालं की लगेच हा सराव करा. बॅचच्या शेवटी, दमल्यावर नको.

आता भिंत

आधी भिंत हाताने चाचपून घ्या. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या जुन्या तलावांत पाणी वाहून जायची पन्हळ भिंतीतून पुढे आलेली असते, कुठे फरशीचा टवका उडालेला असतो, कुठे शिडीचा गज असतो, आणि कडेच्या लेनमध्ये फरशी शेवाळाने बुळबुळीत झालेली असते. अशा फरशीवर पाय लावून जोर दिला की दोन्ही पाय वर सटकतात आणि आपण तिथेच बुडबुड्यांत. मधली लेन निवडा, पन्हळीच्या खाली वीतभर तरी सपाट जागा आहे ना ते पाहा, तळहात घासून बघा.

मग अंतर. स्पर्धेच्या मापाने बांधलेल्या तलावात तळावरची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी रेघ असते, इंग्रजी टी अक्षरासारखी. बालेवाडीसारख्या तलावात हे माप भरवशाचं असतं. गावच्या तलावात रेघ असेलच असं नाही, असली तरी रंगवणाऱ्याने कुठे थांबवलीय ते एकदा पाहून घ्या. टी दिसला की मान वर करून भिंत बघायची नाही. भिंत बघितली की डोकं वर, कंबर खाली, आणि टर्न तिथेच बिघडतो. नजर तळावर ठेवून, टी नंतर किती हात मारल्यावर भिंत येते ते दोन-चार लॅप नुसतं मोजा.

कोलांटी साधारण हातभर ते मीटरभर अंतरावरून सुरू होते. उंची आणि वेग जास्त तितकी लवकर. सुरुवातीला मुद्दाम लांबून सुरू करा. लांब राहिलात तर पाय भिंतीला पोचणार नाहीत, हसून पुन्हा करायचं. फार जवळ गेलात तर टाचा कठड्यावर आपटतात आणि दोन दिवस चप्पल घालताना आठवण येते.

पहिल्या दिवशी भिंतीला ढकलायचं नाही. एक हात आधी मांडीशी थांबवा, दुसऱ्याचा शेवटचा हात मारून तोही मांडीशी आणा, मग किक, कोलांटी, आणि पाय भिंतीला लावून थांबा. तपासा: तळवे पाण्याखाली फूट-सव्वाफुटावर आहेत का? दोन पायांत कमरेइतकं अंतर आहे? बोटं आकाशाकडे? गुडघे खुर्चीत बसल्यासारखे वाकलेत? पाय फार वर लागले तर रेटा तळाकडे नेतो, फार खाली लागले तर थेट पृष्ठभागावर. गुडघे पोटाशी दाबले गेले असतील तर जवळ आलात. पाय ताणून जेमतेम चवडे टेकले असतील तर लांब राहिलात.

पाय नीट लागायला लागले की ढकला, पण उताणेच. हातावर हात, दंड कानांमागे, हनुवटी आत, आणि आकाश बघत सरळ सरकत जा, थांबेपर्यंत. बरेच कोच ही पायरी गाळतात. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. उताणं सरळ जाता येत नसेल तर वळताना सरळ जाणं शक्यच नाही.

शेवटी वळणं. भिंतीवर पाय असताना अंग पिळायचं नाही. उताणे ढकला, पाय सुटता सुटता कुशीवर या आणि सरकता सरकता पालथे व्हा. नवशिक्यांच्या वाकड्या टर्नचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं: कोलांटी आणि वळणं एकाच झटक्यात उरकायची घाई. सराईत लोक ते मिळून करतात असं दिसतं, पण तेही निम्मं वळण ढकलल्यानंतरच घेतात.

श्वासाचा हिशेब

आजवर ज्या ठिकाणी भरपेट श्वास घ्यायचो, तिथेच आता चार-पाच सेकंद श्वास नाही. कसरत जमूनही टर्न लॅपमध्ये बसत नाही तो यामुळे.

शेवटचा श्वास भिंतीच्या एक-दोन हात आधी घ्या, अगदी शेवटच्या हाताला नको. मान एका बाजूला वळलेली असताना कोलांटी सरळ होत नाही. बाहेर आल्यावर पहिला हात श्वासाविना मारा, दुसऱ्याला घ्या. पहिल्याच हाताला डोकं वर काढलं की भिंतीने दिलेला वेग जागीच मरतो. सुरुवातीला मारलेला सूर वगळला तर अख्ख्या लॅपमध्ये आपण सगळ्यात वेगात असतो ते भिंत सोडल्यावरच, तेव्हा तो वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरेपर्यंत सरकत राहायचं. स्पर्धेत १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. आपल्याला चार-पाच मीटर खूप झाले. दोन-तीन डॉल्फिन किक, मग साधी किक, मग हात.

दर भिंतीला टर्न मारायचा अट्टहास सुरुवातीला नको. चार लॅपमध्ये एक टर्न, बाकी ओपन. धाप न लागता जमलं की एकाआड एक. दम अडवायची चढाओढ करू नका, आणि टर्नच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन छाती भरायची सवय तर अजिबात लावून घेऊ नका. त्यातून पाण्याखाली शुद्ध हरपण्याचा धोका असतो आणि त्याची आधी चाहूल लागत नाही.

काही बारीकसारीक बिघाड. गॉगल निघतो? पट्टा डोक्याच्या मागे जरा वर घ्या आणि त्यावर कॅप घाला. ढकलताना पोटरीत गोळा येतो? बोटं ताणून धरताय. टाचेकडचा भाग सैल सोडा. भिंतीपाशी येताना हात थांबवून नुसते सरकत येता? मग कोलांटीला वेगच उरत नाही. भिंतीत शिरायचंय अशा वेगाने या. ही भीती जाते, पण हळूहळू.

गर्दीत

गोल पोहायची शिस्त असलेल्या लेनमध्ये येताना ज्या बाजूने येता त्याच बाजूला टर्न मारला तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाल. भिंतीच्या थोडं आधी लेनच्या मध्यावर या, टर्न मधोमध मारा आणि परतीच्या बाजूला निघा. मागचा अगदी पायाशी असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

आपल्या सार्वजनिक बॅचमध्ये मात्र लेनची दोरीच नसते, आणि भिंतीला पाठ लावून चौघेजण गप्पा मारत उभे असतात. ‘काका, एवढी जागा द्याल का?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा मिळते. नाही मिळाली तर ओपन टर्न. माणूस उभा असलेल्या भिंतीवर फ्लिप टर्न कधीही नाही; उलटं झाल्यावर आपल्याला दिसत नाही आणि टाचा कोणाच्या पोटात जातील सांगता येत नाही.

बॅकस्ट्रोकसाठी दोन शब्द

फ्रीस्टाइलचा टर्न पक्का झाला की बॅकस्ट्रोकचा फार लांब नाही. १९९१ पूर्वी उताणं असतानाच भिंतीला हात लावावा लागायचा. नियम बदलल्यापासून भिंतीआधी पालथं होता येतं. तलावावर भिंतीपासून पाच मीटरवर झेंड्यांची माळ टांगलेली असते. ती डोक्यावरून गेली की किती हातांनी भिंत येते ते मोजून ठेवा, त्यातला एक हात राखून पालथे व्हा, तो हात मारा आणि लगेच कोलांटी घ्या. पालथं होऊन नुसतं सरकत राहिलात तर स्पर्धेत बाद. इथे तर अंग वळवायचंही नसतं, उताणे निघालात की तसेच पुढे. झेंडे टांगलेले नसतील तर मात्र या टर्नच्या फंदात पडू नका; उताणं पोहताना भिंत कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही, आणि चुकलात तर आधी डोकं आपटतं.